एचडीएल ३६ आलं, तर गोळी कोणती?

डिचोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ४६, हार्डवेअरचं दुकान, दिवसभर गल्ल्यावर बैठक, सिगारेट नाही, रविवारी थोडी फेणी. बायकोनं मागे लागून लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करायला लावलं. एकूण कोलेस्टेरॉल १७८, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १००, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी एक चरबी) २१०. चांगलं कोलेस्टेरॉल कमी आलंय, ते वाढवायला गोळी कोणती, हा पहिला प्रश्न. दुसरा त्यांच्या मेहुण्यानं डोक्यात घातलेला. मेहुणा म्हणतो, भारतात दहातल्या सातजणांचं एचडीएल कमीच असतं, घाबरू नको, रोज दोन पेग घे, आपोआप वाढेल. मग दहातले सात जर असेच असतील, तर याला बिघाड तरी का म्हणायचं?

तुमच्या रिपोर्टाचा फोटो मी दोनदा पाहिला. प्रयोगशाळेनं त्यात दोन आकडे ठळक छापलेत. ३६ च्या पुढं ‘कमी’ आणि २१० च्या पुढं ‘जास्त’. तुमच्या अख्ख्या प्रश्नात त्या २१० बद्दल चकार शब्द नाही. फोंड्यात पंचवीस वर्षांच्या वर दवाखाना चालवल्यावर याचं नवल वाटत नाही. एकाला ‘चांगलं’ असं नाव मिळालं की सगळ्यांचा जीव त्याच्यातच अडकतो. पण तुमच्या रिपोर्टातली खरी बातमी २१० मध्ये आहे. ३६ हे तिची चहाडी सांगतंय, एवढंच.

मेहुण्याचा आकडा मात्र खरा आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, ‘इंडियाब’ या मधुमेहाच्या पाहणीचा पहिला टप्पा तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड इथं झाला. त्यातल्या साधारण दोन हजार प्रौढांच्या रक्तातल्या चरबीचे निष्कर्ष २०१४ साली आले. एचडीएल कमी असलेले निघाले ७२.३ टक्के. त्याच लोकांमध्ये एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले फक्त १३.९ टक्के, एलडीएल जास्त असलेले ११.८ टक्के आणि ट्रायग्लिसराइड जास्त असलेले २९.५ टक्के. हे चारही आकडे एका ओळीत ठेवून पाहा. एकूण कोलेस्टेरॉल ठीकठाक, एलडीएल बेताचं, एचडीएल खाली आणि ट्रायग्लिसराइड वर. हा तुमचाच रिपोर्ट झाला की!

पुढे ही पाहणी देशभर पोचली. १ लाख १३ हजार ४३ लोकांचे निष्कर्ष २०२३ मध्ये जाहीर झाले, त्यातल्या ज्यांच्या रक्तातली चरबी तपासली, त्यांच्यात कुठल्या ना कुठल्या आकड्यात दोष असलेले ८१.२ टक्के निघाले. मधुमेहात देशात पहिला नंबर कुणाचा आला, तर आपल्या गोव्याचा. २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४. त्या दिवशी पेपरात बातमी वाचून माझ्याकडचा कंपाउंडर म्हणाला, ‘डॉक्टर, कशात तरी पयले आयले मरे आमी.’ मला हसू आलं नाही, कारण माझ्या बाहेरच्या बाकावरची गर्दी तो आकडा रोजच सांगत होती.

आता ‘दहातले सात’ म्हणजे काय ते जरा उलगडून बघू. पुरुषांत ४० च्या खाली आणि बायकांत ५० च्या खाली एचडीएल गेलं की कमी म्हणायचं, ही रेघ २००१ सालच्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांतून सगळीकडे रूढ झाली. आपल्याकडं गोम अशी, की ती रेघ बरोबर गर्दीच्या मधून जाते. दहावीच्या वर्गात पासाची रेघ ३५ ची आहे आणि निम्म्या वर्गाला ३२ ते ३८ च्या मध्येच गुण आहेत असं समजा. तीन गुण कृपेचे दिले की निकाल एकदम फुगतो, तीन कापले की शाळेची अब्रू जाते. पोरं तीच, अभ्यासही तेवढाच. देशाची सरासरी दोन-तीन अंकांनी हलली तरी कोट्यवधी माणसं रेघेच्या अलीकडून पलीकडे जातात.

बायकांची रेघ दहा अंकांनी वर आहे, कारण इस्ट्रोजेनमुळे त्यांचं एचडीएल मुळातच जास्त असतं. त्यामुळे नवरा ४३ घेऊन खुशीत घरी जातो आणि बायको ४६ घेऊन रडवेली होते. माझ्याकडं हे जोडपं महिन्यातून एकदा तरी येतंच, चेहरे तेवढे बदलतात.

शिवाय एचडीएल हा काही सोन्यासारखा तोळ्या-माशात मोजायचा जिन्नस नाही. एकाच माणसाचं, काहीही न बदलता, आठवड्याभरात पाच-सात टक्क्यांनी वर-खाली होतं. वर प्रयोगशाळेच्या यंत्राचा फरक वेगळाच. आज ३८, पुढच्या महिन्यात ४१ आलं म्हणून कुणी पेढे वाटू नयेत.

मग हा आकडा फेकून द्यायचा का? नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावाच्या अभ्यासातून १९७७ साली पुढं आलं, की ज्यांचं एचडीएल कमी त्यांना हृदयविकार जास्त. ते आजही खरं आहे. तिथूनच ‘चांगलं’ हे नाव चिकटलं. रक्तवाहिनीच्या भिंतीतलं कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे परत नेणारं वाहन अशी त्याची ओळख सगळ्यांना पाठ झाली, आणि मग साहजिकच वाटलं, की वाहनं वाढवा, काम होईल.

औषध कंपन्यांनी तेच केलं. टॉर्सेट्रापिब नावाच्या औषधानं एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढायचं, वर एलडीएल २५ टक्क्यांनी उतरायचं. कागदावर याहून सुरेख औषध नाही. १५ हजार लोकांवर चाचणी लावली आणि डिसेंबर २००६ मध्ये ती घाईघाईनं थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. मला तो महिना आठवतो. त्याच्या आधी एका परिषदेत आम्ही सगळे त्या औषधाची वाट बघत चहा पीत उभे होतो. पुढं नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, मोठ्या मात्रेत. आमच्या पिढीनं ते भरपूर लिहून दिलंय, मीही दिलंय, अंग लालबुंद होऊन खाजत आलेल्या पेशंटांच्या शिव्याही खाल्ल्यात. २५ हजारांवर लोकांच्या चाचणीचा निकाल २०१४ मध्ये छापून आला. एचडीएल वाढलं, हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत, उलट मधुमेह आणि रक्तस्रावाचा त्रास वाढला. २०१७ मध्ये अ‍ॅनासेट्रापिबनं एचडीएल दुप्पट केलं. फायदा दिसला, पण थोडाच, आणि तोही एलडीएलच्या गटातलं कोलेस्टेरॉल उतरल्यामुळे झाला असा हिशेब लागला. मधल्या काळात, २०१२ साली, जन्मतःच ज्यांच्या जनुकामुळे एचडीएल थोडं जास्त असतं अशा लोकांकडे पाहिलं, तर त्यांनाही अटॅक कमी येत नव्हते. उलट टोकाला इटलीत गार्डा तळ्याच्या काठी लिमोने नावाचं गाव आहे. तिथल्या काही घराण्यांत एचडीएल फारच कमी, तरी हृदयविकार काही जास्त नाही.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. एचडीएल वाढवायची म्हणून घ्यावी अशी गोळी आज नाही. कुणी मेडिकलवाल्यानं नायसिनची किंवा ‘एचडीएल बूस्टर’ अशी काही बाटली पुढं केली, तर पैसे खिशातच ठेवा.

हे असं का, ते समजायला रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट डोळ्यांपुढं आणा. प्रयोगशाळा जे ३६ सांगते, ते रक्त काढलं त्या क्षणी सगळ्या एचडीएल कणांत मिळून किती कोलेस्टेरॉल बसलंय त्याचं माप. म्हणजे भर नदीत फोटो काढून बोटीवर किती माणसं उभी आहेत ते मोजण्यासारखं. दिवसात किती फेऱ्या झाल्या, किती माणसं खरोखर पलीकडे उतरली, हे त्या फोटोत नाही. बोट खच्चून भरलेली दिसते कारण गर्दी आहे, की चोडणच्या धक्क्यावर कुणी उतरतच नाहीय, हेही कळत नाही. कोपनहेगनच्या एका मोठ्या अभ्यासात (२०१७) ज्या पुरुषांचं एचडीएल ११६ च्या वर होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. एवढं वर गेलेलं एचडीएल आपल्याकडं विरळाच, पण ‘जितकं जास्त तितकं बरं’ हा समज तिथं संपला.

माझ्याकडं येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. एचडीएल ८८, एलडीएल १८६. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, ‘बाई, तुमचं रेशो छान आहे, चांगलं वाइटाला खाऊन टाकतं.’ सहा वर्षं त्या त्या वाक्यावर निश्चिंत होत्या. चालताना जबडा दुखतो म्हणून दाताच्या डॉक्टरकडं गेल्या, त्यानं शहाणपणानं माझ्याकडं धाडलं. ते दुखणं हृदयाचं होतं. चांगलं वाइटाला खात नाही. १८६ म्हणजे १८६.

आता तुमच्या २१० कडे येऊ. रक्तात ट्रायग्लिसराइड जास्त झालं, की ते वाहणारे कण आणि एचडीएल यांच्यात अदलाबदल सुरू होते. तिकडचं ट्रायग्लिसराइड एचडीएलमध्ये शिरतं, एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल तिकडं जातं. असं ट्रायग्लिसराइडनं लठ्ठ झालेलं एचडीएल यकृतात छाटलं जातं, बारीक होतं आणि मूत्रपिंडावाटे लवकर निकालात निघतं. म्हणजे एचडीएल तयार होत नाही अशातला भाग नाही, ते टिकत नाही. आणि ट्रायग्लिसराइड वाढतं कशानं? आपल्याकडं तेलातुपापेक्षा जास्त करून शीत (भात), पाव, साखर, दारू, आणि पोटावरच्या चरबीमुळे निकामी होत जाणारं इन्सुलिन यांच्यामुळे. वापरल्याशिवाय उरलेली साखर यकृत चरबीत बदलतं आणि रक्तात सोडतं. म्हणून ‘मी तर तेल सोडलं, तरी एचडीएल कमी कसं?’ हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा ऐकावा लागतो. तेल सोडून त्या जागी एक मूद भात वाढवला, तर एचडीएल खालीच जाणार.

माझ्या टेबलावर एक स्टीलची वाटी असते, घरातली आमटीची असते तशी. पेशंट म्हणतो, ‘थोडंच शीत घेतो, डॉक्टर.’ मी वाटी पुढं सरकवतो, अशा किती ते सांगा. गेल्या पावसाळ्यात एका बागायतदारानं हवेत भात वाढायला सुरुवात केली. एक, दोन, हुमणाबरोबर (माशाच्या आमटीबरोबर) तिसरी, मग ‘नुस्तें (मासे) उरलं तर’ म्हणून चौथी, आणि शेवटी सोलकढीबरोबर पाचवी. पाचव्या वाटीला तो स्वतःच थांबला आणि वाटीकडे बघत राहिला. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. पाच वाट्या म्हणजे एका बैठकीत दीडशेच्या वर. सकाळचे पातळभाजीबरोबरचे दोन पाव, चार वेळच्या चहातली साखर आणि रात्रीचं शीत अजून हिशेबात धरलेलंच नाही. मला विचारलं, ‘शीत सोडून कितें खावचें?’ सोडायचं नाही. दोन वाट्या शीत, आणि त्या जागी नुस्तं दुप्पट, नाहीतर कडधान्याचं तोणाक, मूग, चवळी, आणि भाजी ताटाचा कोपरा न राहता अर्धं ताट. उकडा तांदूळ थोडा बरा, पण तो उकडा आहे म्हणून पाच वाट्या माफ होत नाहीत. चार महिन्यांनी त्याचं ट्रायग्लिसराइड २६० वरून १५५ वर आलं. एचडीएल ३४ चं ३८ झालं. तो खट्टू झाला, चारच वाढलं म्हणून. मी खूश होतो, पण ३८ बघून नाही, १५५ बघून.

हे फक्त गोव्याचं दुखणं नाही. ‘इंडियाब’च्याच आहाराच्या अभ्यासात भारतीय माणसाच्या पोटात जाणाऱ्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात असं निघालं. कुठं तांदूळ, कुठं मैदा, कुठं गहू, पण ताटाचा साचा तोच. दहातल्या सातांचं मूळ बरंचसं तिथं आहे, थोडं वंशात आहे आणि थोडं बसून राहण्यात. वंशात सगळं असतं तर देशांच्या सरासऱ्या हलल्याच नसत्या. जपान आणि दक्षिण कोरियात गेल्या काही दशकांत सरासरी एचडीएल वाढलेलं आहे, माणसं तीच असून.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. दहातले सात आजारी नाहीत. पण दहातले सात एकाच वाटेवर आहेत आणि एचडीएल ही त्या वाटेवरची पाटी. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक बाकीच्या जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, हे ५२ देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातून दिसलं. ‘सगळ्यांचंच असं असतं’ यातून दिलासा मिळण्यासारखं काही नाही.

मेहुण्याची फेणी. तो इथंही अर्धा बरोबर आहे. दारूनं एचडीएल खरोखर वाढतं. पण तुमच्यासारख्याचं ट्रायग्लिसराइडही वाढतं, रक्तदाब वाढतो, आणि दारूनं वाढवलेल्या एचडीएलनं कुणाचं हृदय वाचल्याचं सिद्ध झालेलं नाही. फेणीबरोबर येणारे तळलेले बांगडे आणि शेंगदाणे मी धरत नाही. रविवारची थोडी सोडा असं मी म्हणत नाही, पण २१० असताना ती ‘औषध’ म्हणून रोज घेण्याइतका उफराटा सल्ला दुसरा नाही.

नारळाच्या तेलाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गोव्यात कुणीतरी विचारणारच. त्यानं एचडीएल वाढतं, इतर वनस्पती तेलांच्या मानानं सरासरी ४ अंक. एलडीएलही वाढतं, सरासरी १० अंक. हा सौदा मला परवडत नाही. हुमणातला नारळ वेगळा, त्यावर माझा राग नाही. तारले-बांगडे भरपूर खा, त्यातल्या तेलानं ट्रायग्लिसराइड उतरायला मदत होते, फक्त रवा लावून तळण्याऐवजी हुमणात घाला. माशाच्या तेलाची रोजची एक कॅप्सूल मात्र एवढीशी असते, की तिच्यानं २१० हलत नाही.

व्यायामानं एचडीएल वाढतं ते सरासरी अडीच अंक, तेही आठवड्याला किमान दोन तास घाम गाळल्यावर. एवढ्यासाठी कोण चालेल? पण चालण्यानं पोट, साखर, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब असं सगळंच खाली येतं. वजन उतरत असतानाच्या महिन्यांत एचडीएल उलट किंचित घसरतं, वजन स्थिरावल्यावर वर येतं. हे आधी सांगून ठेवतो, नाहीतर लोक दुसरा रिपोर्ट बघून चालणंच सोडतात.

व्यायामाचा विषय निघालाच आहे तर जिमचंही एक सांगतो. दोन वर्षांपूर्वी २६ वर्षांचा एक मुलगा आला, दंड माझ्या मांडीएवढे, आणि रिपोर्टात एचडीएल ११. मी प्रयोगशाळेला फोन करून परत तपासायला लावलं. पुन्हा ११. ट्रायग्लिसराइड एकदम चोख. तेव्हाच ओळखलं. वडिलांना बाहेर बसवलं आणि विचारलं, इंजेक्शन कुठलं घेतोस? स्टेरॉइड. बंद केल्यावर सहा महिन्यांत ४३. घरात जिमला जाणारा पोरगा असेल आणि त्याचं एचडीएल २० च्या खाली असेल, तर ‘आपल्याकडं कमीच असतं’ म्हणून सोडू नका.

आता तुमच्यासाठी करायचं ते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, १७८ वजा ३६, म्हणजे १४२. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीला त्रास देणारं सगळं कोलेस्टेरॉल या एका आकड्यात येतं, म्हणून मी रिपोर्टात तो आधी शोधतो. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या सूचनांप्रमाणे धोका कमी असलेल्या माणसातही तो १३० च्या खाली हवा. तुमचा १४२ आहे. म्हणजे फार बिघडलेलं नाही, पण एलडीएल १०० बघून तुम्ही जितके निवांत झालात तितकंही ठीक नाही. जाता जाता, ते एलडीएल बहुधा मोजलेलं नसून काढलेलं आहे. ट्रायग्लिसराइडला ५ नं भागलं की ४२, आणि १७८ मधून ३६ आणि ४२ गेले की बरोबर १०० उरतात. ट्रायग्लिसराइड वाढत जातं तसा हा हिशेब कच्चा होतो आणि ४०० च्या पुढं तो करूच नये.

बेंबीच्या रेषेत टेप लावून कंबर मोजा, पँटचा नंबर चालणार नाही. ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर २१० कुठून आलं ते कळलं. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, करा, गोव्यातल्या ४६ वर्षांच्या माणसानं ते टाळायला कारण नाही. थायरॉइड एकदा बघा. लिपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारख्याच एका आनुवंशिक कणाची तपासणी, आयुष्यात एकदा केली की पुरते. ती वाढलेली असणं आपल्याकडं बरंच आहे, आणि ना जेवणानं ना चालण्यानं ती हलते, म्हणून माहीत असलेली बरी. वडिलांना, काकांना, भावाला पंचावन्नच्या आत काही झालं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. स्टॅटिन, म्हणजे एलडीएल उतरवणारी गोळी, सुरू करायची की नाही हे या सगळ्यावर ठरेल. केलीच तर ती १४२ साठी, ३६ साठी नव्हे.

तीन महिन्यांनी परत तपासा, त्याच प्रयोगशाळेत. उपाशीपोटी करा, साध्या तपासणीला आता तशी गरज राहिलेली नाही, पण तुमचं ट्रायग्लिसराइड वाढलेलं असल्यामुळे दोन्ही वेळा सारखंच असू दे. आदल्या रात्री फेणी नको. आणि बायकोचाही रिपोर्ट बरोबर आणा. तिच्याही एचडीएलपुढं ‘कमी’ छापून आलं असेल, तर तिला सांगा, तिची रेघ ५० ची आहे, तुमची ४० ची.